मुंगी कशी पडली

त्याला सगळी गल्ली रेडिओ म्हणायची. सकाळी सलूनचं शटर वर गेलं की याचं तोंड सुरू, ते शटर खाली येईपर्यंत. हातातल्या कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी गळ्याभोवती कापड, मग डोक्यावर पाण्याचा फवारा आणि मग गावभरच्या बातम्या. कोणी वैतागून म्हटलंच, "अरे बाबा, जरा आवाज कमी कर," तर हा हलकेच स्वतःचाच कान पिळायचा. "हे काय, पिळलं बटण. बिघडलंय, त्याला मी काय करू?"

लग्नाला बरीच वर्षं झाली, दवाखान्यांचे उंबरे झिजवून झाले, आता आशा सोडा म्हणून नातेवाइकांचं सांगून झालं आणि मग ही मुलगी झाली. रांगायला लागली तेव्हापासून दिसेल त्यावर चढायची. खुर्चीवर, पलंगाच्या कठड्यावर, बापाच्या पाठीवर. म्हणून मुंगी. सलूनमध्ये आली की खुर्चीच्या दोन्ही हातांवर टाकायची ती लहान मुलांची फळी तिला लागायची. त्यावर बसून आरशातल्या गिऱ्हाइकांना वेडावून दाखवायची. "उतर ग माझे आई," रेडिओ म्हणायचा, "माझ्या धंद्यावर बसलीयेस."

चौथं वर्ष लागलं आणि ती गेली.

दुपार होती. रेडिओ सलूनमध्ये कोणाची तरी दाढी करत होता. घरात त्याची आई बाहेरच्या खोलीत आडवी झाली होती, आणि मुंगी जमिनीवर बसून चपलांचे जोड लावत होती. बायको धुतलेले कपडे घेऊन गच्चीवर गेली. कपडे वाळत घालून खाली आली तेव्हा पोर स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेली. स्टूल आडवं झालेलं. नळ बारीक धारेनं चालू. ओट्यावर पाणी. ओट्यावरची खिडकी अर्धी लोटलेली. रक्त म्हणाल तर कानाजवळ जेमतेम. बायकोनं तिला उचललं, सासूला गदागदा हलवून उठवलं, आणि अनवाणी दवाखान्याकडे धावत सुटली. रेडिओ पोचला तेव्हा त्याच्या हाताला साबणाचा फेस तसाच होता आणि डॉक्टर हातमोजे काढत होते.

"कशी पडली?" त्यानं विचारलं.

"ते तुम्हीच सांगायचं," डॉक्टर म्हणाले. "डोक्याच्या मागच्या बाजूला मार आहे. मी इतकंच सांगू शकतो."

पहिले काही दिवस माणसं येत राहिली, आणि जितकी तोंडं तितक्या गोष्टी. शेजारीण म्हणाली, पाणी प्यायला चढली असेल, ओल्यावरून पाय सटकला. समोरचा टेम्पोवाला म्हणाला, स्टूलच डुगडुगतं असणार. खिडकीतून आईला हाक मारायला गेली असेल, असं एक म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं. कोणी म्हणालं, आधी चक्कर आली असेल, मग पडली. सांत्वनाला आलेलं प्रत्येक माणूस जाताना एक तर्क ठेवून जायचं. ते विसरून जात. रेडिओ विसरत नसे.

एक तर्क मात्र कोणीच बोललं नाही, तो त्याचा त्यालाच सुचला. बिस्किटांचा डबा. आदल्याच दिवशी मुंगी सारखी बिस्किटं खाते म्हणून त्यानं तो डबा खालच्या फळीवरून उचलून ओट्यावरच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता. "आता चढ बघू," असंही म्हणाला होता, हसत. डब्याचं झाकण घट्ट लागलेलं होतं, डबा जागचा हललेला नव्हता. म्हणजे ती डब्यासाठी चढली नव्हती. नसणारच. पण हात पोचायच्या आधीच पडली असेल तर?

हा किडा एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच. डबा नव्हे, दुसरं काहीतरी होतं, हे सिद्ध व्हायला हवं होतं. मग तो बायकोला विचारायचा, "नळ तू चालू ठेवला होतास का?"

"नाही."

"नीट आठव."

"नाही ठेवला."

"मग ओट्यावर पाणी कुठून आलं?"

जेवताना हेच, आंघोळीला जाताना हेच. आईला विचारायचा, स्टूल नेहमी भिंतीला असतं, ते ओट्याजवळ कोणी आणलं? आई म्हणायची, "अरे, तिनंच ओढलं असेल." "ओढल्याचा आवाज नाही आला तुला?" आईला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं आणि ती उजव्या कुशीवर झोपायची, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

सलूनमध्ये रेडिओ बंद पडला. लोक आधी हळहळले, मग कंटाळले. लहान मुलाचे केस कापायला कोणी आलं की तो म्हणायचा, "आज वेळ नाही," आणि रिकाम्या खुर्चीशेजारी उभा राहायचा. फळी त्यानं मागच्या मोरीत नेऊन टाकली.

एका दुपारी तो सलून बंद करून घरी आला तो खांद्यावर पिठाचं पोतं घेऊन. मुंगीच्या वजनाचं भरून आणलं होतं. स्टूल ओट्याला लावलं, पोतं स्टुलावर उभं केलं आणि ढकललं. पोतं धप्पकन पडलं. स्टूल मात्र आडवं झालं नाही. मग ओट्यावरून ढकललं. मग खिडकीशी उभं करून. पोत्याची शिवण उसवली, पीठ फरशीभर झालं. तो गुडघ्यावर बसून स्टूल कुठे पडलंय ते पाहत होता, तेव्हा बायको दारात उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"किती वेळा पाडणार आहात तिला?" ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. तोंडावर, भुवयांवर पीठ. "स्टूल उजवीकडे पडायला हवं. ते उजवीकडे पडलं होतं ना?"

तिनं आत जाऊन कपाटावरची बॅग काढली आणि साड्या भरायला लागली. सासू पलंगावर बसून बघत होती. सुनेनं चारच साड्या भरल्या आणि मग बॅग उघडी टाकून तिथंच बसून राहिली. माहेरी आता भाऊ-भावजय होते. तिथं कोणी पायघड्या घालून बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ पायांत चपला घालत होता, तेव्हा आई म्हणाली, "बस जरा. सांगायचंय."

तो बसला.

"मीच सांगितलं होतं तिला. वारं येत होतं, म्हटलं, जा ग, खिडकी लोटून ये. ती गेली. माझा डोळा लागला."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"भीती वाटली."

रेडिओनं सगळं जुळवून पाहिलं. खिडकी अर्धी लोटलेली होती, म्हणजे ती खिडकीपर्यंत पोचली होती. ओट्यावर उभी होती. पाय नळाला लागला असेल, तो चालू झाला, ओलं झालं, सटकली, पडताना स्टुलाला धक्का. सगळं बसत होतं. डबा कुठंच नव्हता. त्याच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला की त्याला आईचा राग यायलासुद्धा थोडा वेळ लागला. आला तो मात्र पुरेपूर आला. तो आईला एक अक्षर बोलला नाही. त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं आणि म्हणाला, "ताई, हिला घेऊन जा. माझ्याच्यानं तोंड बघवत नाही."

आई गेली. पिशवीत दोन लुगडी, औषधं आणि चष्मा. सुनेनं तिला रिक्षात बसवलं, पदर नीट केला आणि रिक्षा वळेपर्यंत उभी राहिली.

त्यानंतर रेडिओला झोप यायला लागली. बायकोची बॅग कपाटावर परत गेली. सलूनमध्ये हळूहळू आवाज परतला, पूर्वीइतका नाही, पण खरखर करत का होईना लागायचा. लोक म्हणाले, काळासारखं औषध नाही. आईकडे तो दोनदा गेला. दोन्ही वेळा दारातच बसला, चहा प्यायला, बहिणीशी बोलला आणि निघाला. आई आतून विचारायची, "जेवलास का रे?" तो बहिणीला म्हणायचा, "सांग तिला, जेवलोय."

आई वारली ती ताईकडेच. पुढचे सगळे सोपस्कार उरकल्यावर भाऊ-बहीण दोघंच तिच्या खोलीत होते. ताई गादीची खोळ काढत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रेडिओला आईबद्दल माया दाटून आली होती, आणि तो मोठ्या मनानं म्हणाला, "जाऊ दे ताई. मी आईला माफ केलंय."

ताईच्या हातातून खोळ सुटली.

"तू? तू माफ केलंस?" तिचा आवाज चिरकला. "अरे गाढवा, ती झोपली होती! ढाराढूर झोपली होती. तिला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तुझं घर मोडायला लागलं म्हणून तिनं बनवून सांगितलं. मला आल्या दिवशीच बोलली. म्हणाली, त्याला कोणीतरी हवंय, सुनेपेक्षा मी बरी, माझे किती दिवस राहिलेत. माझ्या गळ्याची शपथ घातली होती मला. आणि तू इथं येऊन दारात बसायचास!"

रेडिओ भिंतीला टेकला. ताईनं पुन्हा खोळ ओढायला घेतली, पण ती निघेना.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी गच्चीवर गेले तेव्हा त्या घोरत होत्या. खाली आले तेव्हाही घोरत होत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही झोपायला लागला होतात."

मग त्यानं विचारलं, "मग कशी पडली ती?"

तिनं शेवटचा शर्ट घडी करून ढिगावर ठेवला. त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, दयाही नव्हती. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आणि आता मला विचारू नका. पुन्हा विचारलंत तर जाईन. जायला कुठं नाही, तरी जाईन."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. ती गेली नाही. दोघं एका घरात भाडेकरूंसारखे राहतात. ती शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करायला जायला लागली, संध्याकाळी येते, दोन ताटं वाढते. बिस्किटांचा डबा एके दिवशी त्याला कुठंच दिसला नाही. तिनं टाकला का, कधी टाकला, का टाकला, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

गल्लीत आता चकचकीत सलून झालंय, थंड हवेचं. रेडिओकडे येतात ते जुने म्हातारे आणि रस्ता चुकलेली नवखी माणसं. म्हाताऱ्यांशी तो हवापाण्याचं बोलतो. नवखं कोणी खुर्चीत बसलं, गालांना फेस लागला, की मात्र तो वस्तरा पुसत सहज म्हणतो, "आमच्या ओळखीत एकाकडे असं झालं होतं बघा." मग सगळं सांगतो. स्टूल, नळ, खिडकी, वरच्या फळीवरचा डबा. "तुम्हाला काय वाटतं? कशी पडली असेल?"

परवा असाच एक जण बसला होता, औषधांच्या कंपनीचा फिरता विक्रेता. त्यानं सगळं ऐकून घेतलं; बोलता येत नव्हतं, वस्तरा गळ्याशी होता. फेस पुसून झाल्यावर त्यानं आरशात आपली हनुवटी इकडून तिकडून पाहिली.

"आता हे कसं सांगणार?" तो म्हणाला. "तिथं कोणी होतं का?"

"नाही," रेडिओ म्हणाला. "कोणी नव्हतं."

आणि त्यानं गिऱ्हाइकाच्या गळ्याचं कापड सोडलं, दारात नेऊन झटकलं.