शंभूचा पट्टा

दुपारचं एक वेळचं जेवण झालं आहे. देवघराच्या उंबऱ्याशी मी सोवळ्यातच माळ घेऊन बसले आहे. पारायणाचा आज बाविसावा दिवस. एक्केचाळीस करायचे आहेत, ह्यांना पुढची वाट मिळावी म्हणून. मणी बोटांत जड होत जातात. कितवा मणी, ते हरवतं.

उंबऱ्यापलीकडे शंभू उभा आहे. ह्यांचा कुत्रा. ह्यांची दृष्टी गेल्यावर सात वर्षं त्यानंच ह्यांना रस्त्यानं नेलं-आणलं. घरी आलं की हे त्याच्या पाठीवरचा पट्टा सोडायचे, कान कुरवाळून म्हणायचे, "झालं रे तुझं काम." मगच तो वाटीला तोंड लावायचा. शेवटच्या दिवशी ह्यांना स्ट्रेचरवरून आत नेलं आणि त्याला दवाखान्याच्या फाटकाशीच अडवलं. पट्टा नंतर मुलानं काढला. ते शब्द म्हणायचे राहूनच गेले.

आता रोज चारला तो पट्टा तोंडात धरून माझ्यासमोर आणून ठेवतो. दोन घासांपलीकडे खात नाही. बरगड्या दिसू लागल्यात. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "काही कुत्री नुसती जवळ बसून माणसाचं मन सावरतात, काकू. हा तसा नाही, हा कामाचा. काम संपलं हे त्याला घरच्या माणसानं हात लावून सांगायला हवं." मी लांबूनच सांगून पाहिलं. पारायण संपेपर्यंत त्याला शिवता येत नाही. अजून एकोणीस दिवस.

उंबरा लांब होतो. त्याची फुटपाथची कड होते. कडेवर हे उभे आहेत. डावा हात खाली, मूठ अर्धी मिटलेली, रिकामी.

"आलीस?"

"कसं ओळखलंत?"

"एवढा कापूर अंगाला लावून दुसरं कोण येणार?"

"अजून दिसत नाही तुम्हाला?"

"इथे कुणी डोळे वाटत नाहीत गं."

रस्त्यावर एकही गाडी नाही, तरी हॉर्न वाजतात. मी ह्यांचा हात धरते.

"ओढू नकोस. नेहमी ओढतेस तू," हे म्हणतात. "तू जवळ असलीस की बरं वाटतं मला. पण रस्ता त्याला कळतो."

"मग त्याला पाठवू?"

बोलून गेल्यावर मला कळतं, मी काय विचारलं ते.

"त्याला जेवू घाल," हे म्हणतात.

"खात नाही तो."

"हात लावलास?"

"पारायण चाललंय माझं. तुमच्यासाठीच ना!"

"दत्ताच्या तसबिरीतल्या चौघांना रोज गंध लावतेस," हे हसतात, तेच जुनं हसू, "आणि घरातल्याला हाड!"

"चेष्टा नको हो. मोडू का, तेवढं सांगा."

"ते तुझं तू बघ."

आता फिनेलचा वास येतो. रस्त्याचा व्हरांडा झालाय. फाटकाच्या गजांपलीकडे शंभू बसलाय, पाठीवर पट्टा.

"तो सुटला तर तुम्ही पलीकडे कसे जाणार?"

"थांबेन. कुणीतरी विचारेल."

"आणि नाही विचारलं तर?"

हे पायानं चाचपत कड शोधत राहतात. मी गजांतून हात घालते. बक्कल हाताला लागतं, पण निघत नाही. बोटांत माळ अडकली आहे.

घड्याळात चाराचे ठोके पडतात.

माळ जमिनीवर आहे. पट्टा माझ्या मांडीवर, सोवळ्यावर, आणि माझ्या डाव्या हाताखाली शंभूचं डोकं. उंबरा कुणी ओलांडला, त्यानं की मी, ठाऊक नाही. मोडलंच म्हणायचं.

मी त्याचा कान कुरवाळते. "झालं रे तुझं काम." तो माझ्या खांद्यावरून मागे बघत राहतो, खूप वेळ. मग उठतो, स्वयंपाकघराकडे जातो. वाटी फरशीवर घासल्याचा, भात चाटल्याचा आवाज येतो.

मला हायसं वाटायला हवं.

तिकडे कडेवर हे एकटे उभे असतील. माझ्या डाव्या तळव्यावर बक्कलाची चौकोनी खूण उठली आहे, त्यात दोन पिवळे केस. मी मूठ अर्धी मिटून बसून राहते.