आल्तारावरचं समन्स

आमच्या फ्लॅटमधल्या आल्तारावर, म्हणजे घरच्या वेदीवर, मधोमध येशूची तसबीर, डावीकडे मरियामाता आणि उजवीकडे कोर्टाचा एक कागद असे. कागद इंग्रजांच्या काळातल्या मुन्सिफ कोर्टाचा, मोडी लिपीतला, वर गोल शिक्का. घराण्यात तो एकालाही वाचता येत नव्हता, त्यामुळे सगळ्यांची त्याच्यावर अढळ श्रद्धा होती. वसईहून दुबईला येताना पप्पांनी बाकी सामान माझ्या भावाच्या हवाली केलं आणि ही फ्रेम मात्र मांडीवर घेऊन विमानात बसले.

पप्पांची कथा अशी. वसईत आमच्या आणि शेजारच्या केळीच्या वाडीच्या सीमेवर एक विहीर आहे. तिच्यावरून माझे पणजोबा आणि त्यांचे सख्खे भाऊ कोर्टात गेले. पणजोबा जिंकले, आणि हा तो हुकूमनामा. तेव्हापासून आम्ही त्या भावाच्या घराशी बोलत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी, म्हणजे नवरा-नवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला मात्र वाजतगाजत त्याच विहिरीवर जातो, आणि वाजंत्रीवाल्यांना त्या घराच्या ओट्यासमोर खास थांबवतो. माझ्या लग्नात ते दोन गाणी जास्त वाजवत उभे होते. मी नटूनथटून पुढे होते आणि मलाही मजा आली, खोटं कशाला बोलू.

पप्पा आता ब्याऐंशीचे. गेल्या वर्षी चर्चमध्ये कुणीतरी सांगितलं की त्या घरातले काका, पप्पांच्याच वयाचे, शाळेत एका बाकावर बसलेले, मुलाकडे इथेच, डोंगरापलीकडे खोर फक्कानला येऊन राहिलेत आणि त्यांचं हृदय पार थकलंय. पप्पा म्हणाले, भेटायला जायचं. मी विरघळले. मग कळलं की त्यांना त्या कागदाचं साध्या मराठीत भाषांतर करून, लॅमिनेट करून काकांच्या हातात ठेवायचं होतं. तो जायच्या आत त्याला कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं. माझी मुलगी म्हणाली, "ग्रँडपा, दॅट्स सो टॉक्सिक." पप्पांना ते कौतुक वाटलं.

ऑफिसात आमच्याकडे एक पुण्याचे गृहस्थ आहेत. ते ऑनलाइन मोडी शिकलेत आणि तेव्हापासून ते वाचायला काहीतरी द्या म्हणून लोकांच्या मागे असतात. मी फ्रेम घेऊन पँट्रीत गेले. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि हातातला करक चहा बाजूला ठेवला.

"मॅडम, हा हुकूमनामा नाही. समन्स आहे. अमुक दिवशी कोर्टात हजर राहा, एवढंच लिहिलंय."

म्हणजे चार पिढ्या आम्ही एका समन्सपुढे मेणबत्ती लावत होतो. मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं उठून गेली.

आता खरा निकाल शोधणं आलं. वसईतल्या भावाला कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये वकिलामार्फत नकलेचा अर्ज करायला लावला. काही मिळेल अशी मला मुळीच आशा नव्हती. वकील विचारलं की "होईल" म्हणायचे आणि मी इथून "इन्शाल्ला" लिहायचे. चार महिन्यांनी फोनवर नऊ पानांचे फोटो आले, कडा कसरीनं खाल्लेल्या. पुणेकरांनी जेवणाच्या सुट्टीत सगळी पानं वाचून काढली. विहीर पणजोबांच्या भावाच्या हद्दीत. पणजोबा हरले होते. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी यापुढे विहिरीवर पाऊल टाकू नये, असा स्पष्ट हुकूम. आणि शेवटच्या पानावर शेरा, की जिंकणाऱ्यानं हुकुमाची अंमलबजावणी कधी मागितलीच नाही. म्हणजे काय, मी विचारलं. म्हणजे निकाल खिशात घालून गप्प घरी गेले, ते म्हणाले.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. आधी त्या पुणेकराला मोडी येत नव्हती. मग भावानं भलतीच फाईल काढली होती. मग कारकुनानं लाच खाल्ली होती. त्यानंतर तीन दिवस ते मला फोटोंचे प्रिंट काढायला लावून भिंगातून बघत बसले. चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून आणि ती नऊ पानं घेऊन दारात उभे राहिले. "यल्ला, चल," म्हणाले.

डोंगरातले बोगदे संपेपर्यंत ते काय बोलायचं याची तालीम करत होते. त्यात माफी कुठेच नव्हती. पणजोबांचीही काहीतरी बाजू असणारच, यावर बराच भर होता. मला भीती एकच होती, की हे तिथे जाऊन भांडतील आणि यांचा उरलेला एकुलता एक बालमित्रही असाच जाईल.

काका सोफ्यावर उशीला टेकून बसले होते. पार वाळलेले. पप्पांनी नमस्कारचमत्कार न करता कागद पुढे केले. काकांनी चष्माही लावला नाही.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "नक्कल आमच्या घरी आहे. सातवीत होतो तेव्हा बानं वाचून दाखवलेली."

मी हिशेब केला आणि मला तोंड कुठे लपवावं कळेना. पप्पांच्या लग्नापासून माझ्या लग्नापर्यंत, त्यांच्या ओट्यासमोर थांबवलेली सगळी वाजंत्री सातवीनंतरची.

पप्पांची चूक असली की त्यांचा आवाज चढतो. तसा चढला. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

प्रश्न काकांना खरोखरच कळला नसावा असं वाटलं.

"बोललो असतो तर तुम्ही पाणी कुठून आणलं असतं?"

आमच्या वाडीत दुसरी विहीर नाही. कधीच नव्हती. मला आधी वाटलं, पप्पांना ठसका लागलाय, म्हणून पाणी आणायला उठले. मग कळलं की ते रडतायत, चांगले मोठ्यानं, काकांच्या सुनेसमोर, नातवंडांसमोर. काका कसेबसे पुढे सरकले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणत राहिले, "खलास रे, खलास."