साडूंचा दगड

मुंबईच्या उपनगरांत जुने म्हणावे असे काहीच उरलेले नाही, असे ज्यांचे ठाम मत आहे, त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी माझ्या साडूंबरोबर नाहूर स्थानकापासून मुलुंडच्या चेकनाक्यापर्यंत चालत जावे. धडधाकट माणसाला हे अंतर तासाभराचे आहे. साडूंबरोबर ते दुपारच्या जेवणापर्यंत निम्मेही होत नाही, आणि परतलेला माणूस पुन्हा उपनगरांविषयी कसलेही मत व्यक्त करण्याच्या भानगडीत पडत नाही. माझ्या गुडघ्यांत आज जी काही कळ येते, तिच्यातली निम्मी वयाची आणि निम्मी साडूंची आहे.

साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो आणि ते मला अरे-तुरे करतात. भांडुपच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअरकीपरची नोकरी केली. तिथल्या प्रत्येक नट-बोल्टाला त्यांच्या हाताने बांधलेली चिठ्ठी असे. निवृत्तीनंतर चिठ्ठ्या बांधायला काही उरले नाही, तेव्हा त्यांनी आजूबाजूचे उपनगरच ताब्यात घेतले. तेव्हापासून त्यांच्या खिशात एक मोजपट्टी, एक मऊ केसांचा दात घासायचा ब्रश आणि एका डबीत तांदळाचे पीठ असते. दगडावरच्या झिजलेल्या अक्षरांवर पीठ चोळले की अक्षरे उठून दिसतात, हे त्यांचे शास्त्र. ते खरेही आहे. फक्त अक्षरांपाठोपाठ मुंग्याही उठून दिसतात. "घावन करायला डबा उघडला तर तळ दिसला," ताई, म्हणजे त्यांची बायको, एकदा माझ्या बायकोला सांगत होती. "विचारलं तर म्हणतात, भिंतीवरची तारीख दिसली ना! चाळीस वर्षांत घरातली एक वाटी विसळली नाही गं ह्या माणसानं, आणि रस्त्यावरचे दगड ब्रशनं घासतो."

त्यांचे प्रेम निवडक नाही, ही त्यातली खरी अडचण. दोनशे वर्षांची विहीर आणि पन्नास वर्षांपूर्वीचे लोखंडी गटाराचे झाकण यांच्याकडे ते सारख्याच ओलाव्याने पाहतात. अशाच एका झाकणावरचे ओतीव अक्षर वाचण्यासाठी ते भररस्त्यात उकिडवे बसले असताना शेजारच्या चाळीतल्या बायकांनी त्यांना पालिकेचा माणूस समजून घेरले आणि पाणी तुंबल्याच्या तक्रारी केल्या. दुसऱ्या कोणी गैरसमज दूर केला असता. साडूंनी वही काढून सगळ्या तक्रारी लिहून घेतल्या, तीन आठवडे कचेरीत खेपा घातल्या आणि गटार साफ करून आणले. त्या चाळीत आजही त्यांना 'गटारवाले काका' म्हणतात. वारसा जपण्याच्या कामात त्यांना मिळालेली ती पहिली पदवी होय.

प्रसंगाचे भान ही गोष्ट त्यांच्या यादीत कधी नव्हतीच. माझे एक दूरचे काका वारले, तेव्हा आम्ही दोघे भेटायला गेलो. काकू डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. साडू बराच वेळ मान वर करून गंभीरपणे बसून राहिले. त्यांनाही गलबलून आले असावे, असे मला वाटले. शेवटी ते हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण ही कौलं मंगळुरी आहेत. शिडी आहे का घरात?" शिडी होती. कौलावरचा छाप वाचून ते खाली उतरले तेव्हा काकू हसत होत्या. चार दिवसांत पहिल्यांदाच, असे नंतर कळले.

आणि त्यांची ती रविवारची फेरी! 'आपले उपनगर, आपला वारसा' असा फलक त्यांनी स्वतः रंगवलेला. येणारे आम्ही तिघेचौघे, त्यांतला मी नात्यामुळे, एक निवृत्त बँकवाले फेरीच्या शेवटी मिळणाऱ्या बटाटेवड्यामुळे, बाकीचे चुकून. साडू एका मोबाईलच्या दुकानासमोर थांबत. "काय दिसतंय?" कोणीतरी म्हणे, "मोबाईलचं दुकान." "नीट बघा." आम्ही नीट बघत असू. दुकानदार आशेने बाहेर येई. मग साडू दीर्घ श्वास घेऊन सांगत, "इथे विहीर होती." त्यांच्या सगळ्या फेरीत 'आहे' हे क्रियापद क्वचितच येई. चौकात गिरणी होती, बँकेच्या जागी बैलगाड्यांचा तळ होता, मॉलच्या जागी चिंच होती. बँकवाले एकदा कंटाळून म्हणाले, "अहो, जे आहे असं एक तरी दाखवा ना राव!"

हे साडूंच्या वर्मी लागले. त्यानंतर दीड महिन्यांनी त्यांना तो दगड सापडला.

जुन्या आग्रा रोडच्या कडेला, गटाराला टेकून, एक काळा घडीव दगड अर्धा जमिनीत गेलेला होता. त्याच्यावर एक मालवणी गजरेवाली मावशी गोणपाट टाकून वर्षानुवर्षे बसत असे. साडूंनी तिला उठवले, ब्रश चालवला, पीठ चोळले, आणि दगडावर एक फुली आणि तिच्या पुढे एक उभी काठी उमटली. तो इंग्रजांच्या काळातला मैलाचा दगड होता आणि ते रोमन आकडे होते. काठीच्या पुढे आणखी एक खूण होती, पण तिच्यावर कोणीतरी सिमेंट थापलेले होते. ती फुली निघाली तर फोर्टापासून एकोणीस मैल, काठी निघाली तर बारा, आणि बारा असेल तर हा दगड इथला नव्हेच, कुठून तरी उचलून आणलेला. साडूंची झोप उडाली. ते रोज सकाळी जाऊन नखाएवढे सिमेंट खरवडत. पावाच्या सुरीने, कारण छिन्नीने दगड दुखावला असता.

"तुमचो दगड खंय पळान जातलो काय?" मावशी वैतागून विचारी. "माका बसाक द्या बघू. गिऱ्हाईक येताहा."

"मावशी, तुम्ही इतिहासावर बसलाय."

"बसलंय तर बसलंय. तुमच्या इतिहासाक पाठ नाय, तीच खोट आसा."

पण दगड पळून जायची वेळ खरोखरच आली. गटार आणि पदपथ रुंद करण्याचे काम निघाले. साडूंनी अर्ज केले. रस्त्यांच्या खात्याने कळवले की दगड गटाराच्या हद्दीत येतो, गटाराच्या खात्याने कळवले की तो रस्त्याचा आहे, आणि वारसा पाहणाऱ्यांनी कळवले की तो यादीत नाही, सबब तो जुना नाही. साडूंनी सह्यांची मोहीम काढली. गटारवाल्या काकांसाठी सबंध चाळीने सह्या दिल्या, मावशीनेही अंगठा दिला. अखेर एका मंगळवारी सकाळी त्यांना कचेरीत म्हणणे मांडायला बोलावले, आणि नेमके त्याच सकाळी खोदकाम त्या कोपऱ्यापाशी येणार होते. "तू फक्त उभा राहा," माझ्या हातात अर्जाची प्रत देऊन ते म्हणाले. "कोणी हात लावला तर हे दाखव. मी अकरापर्यंत येतोच. जमेल ना रे?"

जमेल, असे मी म्हणालो. इथे मला माझ्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. मी मवाळ माणूस आहे. आवाज चढवावा लागू नये म्हणून मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी सोडून दिल्या, आणि त्या सोडण्याला समजूतदारपणा असे नाव दिले. साडूंना हे ठाऊक होते. तरीही त्यांनी मलाच उभे केले, कारण दुसरे कोणी नव्हते.

दहा वाजता जेसीबी आला. मुकादमाला मी कागद दाखवला. तो सभ्य होता. "काका, कागद आमच्याकडेपण आहे ना. तुमचा एक पानाचा, आमचा चाळीस पानांचा. व्हा बाजूला, उगाच लागेल कुठे." मी म्हणालो, "हा ऐतिहासिक दगड आहे हो." हे मी इतक्या हळू म्हणालो की ते यंत्राच्या आवाजात मलाही ऐकू आले नाही. पंजा वर गेला. मावशी टोपली उचलून मागे सरली. मंगळवार असल्याने तिच्या टोपलीत जास्वंद होती, दूर्वा होत्या, आणि तेलात कालवलेला शेंदूर एका वाटीत होता.

मी काय करतो आहे हे मला पूर्णपणे कळत होते, हे इथे नमूद केले पाहिजे. मी वाटी घेतली, शेंदरात चार बोटे बुडवली आणि दगडाच्या तोंडावर, त्या फुलीवर आणि काठीवर, वरपासून खालपर्यंत फासली. वर एक जास्वंद ठेवली. मग हात जोडले.

मुकादमाने चपला काढल्या. "आयला! आधी सांगायचं ना काका, देव आहे म्हणून! कागद कसले दाखवता? ए, मागे घे, मागे घे रे मशीन! वाट लागली असती आपली." जेसीबी असा अदबीने मागे गेला की जणू पाठ दाखवायचीही त्याला चोरी होती. मावशी माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. आयुष्यभर ज्याच्यावर बसली त्याच्यासमोर तिने डोक्यावर पदर घेतला. "मेल्या," ती दगडाकडे पाहत पुटपुटली, "इतकी वर्षां बोललस नाय ता?"

साडू अकराला धापा टाकत आले. दगड जागेवर होता. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो शेंदरापाशी येऊन थबकला. "हे कोणी केलं?" मी म्हणालो, "काय की. कोणीतरी लावलेला दिसतोय." हे मात्र मी अगदी स्पष्ट आवाजात म्हणालो. खोटे बोलताना माझा आवाज व्यवस्थित लागतो, असे त्या दिवशी माझ्या लक्षात आले. साडू म्हणाले, "असू दे. रविवारी रॉकेलने पुसून काढू."

रविवारपर्यंत दगडासमोर नारळांची रास पडली होती. साडूंनी ब्रश काढताच मावशीने त्यांचा हात धरला. पुढच्या महिन्यात पत्र्याचे छप्पर आले, मग न्हाणीघरात लावतात तसल्या निळ्या फरशा, मग घंटा, मग कार्यसम्राटांचा हसरा फलक. पदपथ वळसा घालून गेला. साडूंनी स्थानिक मंडळाच्या अध्यक्षांना गाठून विनवले की आकड्याची बाजू तेवढी उघडी ठेवा. अध्यक्ष तिशीचे आणि प्रेमळ होते. "काका, तुमच्यासाठी काहीपण. पण ते देवाचं तोंड आहे ना? तोंड उघडं कसं ठेवणार? शेंदूर तर तिथेच लावायचा." मग त्यांनी स्वतःहून तोड काढली. देव प्रथम ओळखल्याबद्दल साडूंचा जाहीर सत्कार करण्याचे ठरले.

त्या सत्काराला मी पहिल्या रांगेत होतो. शाल, श्रीफळ, फेटा. नास्तिक साडू फेट्याखाली एखाद्या चुकीच्या लग्नात बसवलेल्या नवऱ्यासारखे दिसत होते. माईक हातात येताच त्यांनी घसा खाकरला आणि मैलाच्या दगडांवर पाऊण तास व्याख्यान दिले. पूर्वी वाटसरूंना हा दगड वाट दाखवत असे, असे ते म्हणताच श्रोत्यांनी हात जोडले. अध्यक्षांनी तिथल्या तिथे घोषणा केली, "तर आजपासून देवाचं नाव वाटेश्वर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. साडूंच्या सगळ्या आयुष्यात त्यांच्या व्याख्यानाला एवढी गर्दी कधी झाली नव्हती आणि एवढे खोलवर कोणी ऐकलेही नव्हते.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट घडली. साडू दर मंगळवारी देवळात जाऊ लागले. ताईने साखर वाटली. "लागले एकदाचे देवाला!" मंडळाने त्यांना विश्वस्त केले. पण ते हात जोडत नसत. ते शेंदराची डबी उघडून वास घेत, बोटांत चोळून पाहत, आणि एकदा कोणी केशरी ऑइलपेंट आणला तेव्हा असे कडाडले की पुजारी फलकामागे लपला.

दोन वर्षे मी गप्प राहिलो. सत्काराच्या फोटोत ते फेटा घालून उभे आहेत. तो फोटो ताईच्या दिवाणखान्यात आहे, आणि तिथे चहा पिताना मी नेहमी त्याच्याकडे पाठ करून बसत असे. एका मंगळवारी देवळातून परतताना मला ते असह्य झाले. "दादा, तो शेंदूर मी लावला होता."

ते चालत राहिले. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. शर्टाची बाही केशरी करून सांगत होतास, कोणीतरी लावला म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझ्या अकरा अर्जांनी ते मशीन इंचभर हललं नाही. तुझ्या चार बोटांनी मागे गेलं. त्याचं वाईट नाही वाटलं रे. मला खोटं सांगितलंस, त्याचं वाटलं. दुसरं कोण आहे माझ्याबरोबर चालणारं?"

रस्त्यात कसलेसे गटाराचे झाकण होते, त्याच्याकडेही त्यांनी पाहिले नाही. कोपऱ्यापर्यंत आल्यावर ते आपल्या नेहमीच्या, स्टोअरमधल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "शेंदराचं कवच कधीतरी गळतं, माहीत आहे तुला? थरावर थर चढतात, आणि एक दिवस अख्खी खोळ सुटून पडते. आतला दगड जसा झाकला तसा निघतो. वारा नाही, पाणी नाही, मावशीचं गोणपाट नाही. फक्त तेलातला खरा शेंदूर हवा. पेंट असला तर दगडाला चिकटून बसतो."

"किती वर्षं लागतात?"

"लागतात. मला नाही दिसायचं ते. तुला दिसेल कदाचित. उरलेलं सिमेंट हळू काढ, सुरीनेच."

गेल्या पावसाळ्यापासून त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. नाहूरच्या घराच्या खिडकीत बसून ते समोरच्या इमारतीच्या गजांचा नमुना वहीत उतरवतात. मंगळवारी मी एकटाच जातो. मावशी माझ्यासाठी वाटी काढून ठेवते. मी शेंदराचा वास घेतो, बोटांत चोळून पाहतो, आणि दगडाच्या कडेला नख लावून थर किती झाला याचा अंदाज घेतो. घंटेच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, म्हणून बाहेर येऊन उभा राहतो. बरोबर नऊ वाजता त्यांचा फोन येतो.

"किती झाला?"

"नखभर असेल, दादा."

पलीकडे वहीचे पान उलटल्याचा आवाज येतो.

"वाढू दे," ते म्हणतात.