सहावी वाटी

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात वाल सोलत बसले होते. फोन त्याच्या बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचा होता. "आक्का, मास्तर गेले. सकाळी चहा पिता पिता गेले." मी विचारलं, "चहा पुरा प्याला का?" असं का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. पलीकडे तो माणूस रडायला लागला. मी रडले नाही. उरलेले वाल सोलले, हात धुतले आणि मुलाला म्हटलं, चल, भोरला जायचंय.

त्याला आता दीड महिना झाला. त्याचा कार्यक्रम ठेवणारी पुण्याची तरुण मंडळी म्हणाली, आजी, तुम्ही त्यांच्यावर लिहा, पुरवणीत छापून येईल. बहीण आहे, चांगलं लिहील असं त्यांना वाटलं असणार. पण चांगलं त्यांनीच लिहावं. जॅझ म्हणजे काय आणि सुदाम किती मोठा ट्रंपेटवाला होता हे त्यांना कळतं. मी चौथी शिकलेली बाई. मला एवढंच कळतं की मी त्याच्याशी वाईट वागले आणि ते त्याच्या तोंडावर कबूल करायचं राहिलं.

सुदाम माझा धाकटा भाऊ. सतराव्या वर्षी घर सोडून मुंबईला गेला आणि एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागला. त्या हॉटेलात रोज जॅझचा बँड वाजायचा. बँडमध्ये एक म्हातारा गोवेकर ट्रंपेट वाजवायचा. सुदाम हातातली बशी तशीच धरून दारात उभा राहायचा. शेवटी त्या म्हाताऱ्यानेच त्याला धरून शिकवलं. फुंकायला शिकवलं, कागदावरचे सूर वाचायला शिकवलं. पुढे बरीच वर्षं सुदाम त्याच बँडमध्ये होता. मग हॉटेलांना जिवंत वादक नकोसे झाले. तो म्हाताराही गेला. सुदाम ट्रंपेटची पेटी घेऊन भोरला परत आला, स्टँडच्या मागे एक खोली घेतली आणि लग्नाच्या बँडमध्ये उभा राहिला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे.

खोटं कशाला बोलू, मला त्याची लाज वाटायची. आमच्यात कुणी वाजवत नाही. वाजवणारे वेगळे, नाचणारे वेगळे, असं लहानपणापासून डोक्यात भरलेलं. पाली गावात माझ्या सासरी कुणी विचारलं, भाऊ काय करतो, की मी सांगायची, मुंबईला कंपनीत आहे. तो भोरला आल्यावरसुद्धा मी त्याला मुंबईतच ठेवला होता.

भाऊबीजेला मात्र यायचा. ऊस दिला तर खायचा नाही, सुपारी फोडायचा नाही. "दात गेले तर ट्रंपेट गेलं, आक्का." मी म्हणायची, "मग दातालाच ओवाळते, बस पाटावर." एका भाऊबीजेला मी त्याला वाटीत चिवडा दिला. त्याने चिवडा सगळा हातावर ओतून घेतला आणि रिकामी वाटी ट्रंपेटच्या तोंडावर धरून अंगणात वाजवायला लागला. वाटी जरा उघडायची, जरा झाकायची. ट्रंपेटचा आवाज माणसासारखा व्हायला लागला. कुरकुरायचा, विनवायचा, मधेच हसायचा. समोरची म्हैस खायची थांबली.

मी ओरडले, "ठेव ती वाटी! माझ्या लग्नातली हाय."

"सहा हायेत तुझ्याकडं. एकीनं काय बिघडतंय?"

"आईनं दिलेल्या हायेत."

"मग माझी पण आई हाय की ती," म्हणाला आणि वाटी पेटीत टाकून घेऊन गेला. त्या दिवसापासून माझ्या मांडणीवर पाचच वाट्या राहिल्या.

माझ्या शैलाचं लग्न सारोळ्याला ठरलं त्याला आता तीस वर्षं होतील. घर चांगलं, सासरे शिक्षक. बोलणी चालू असताना त्यांनी विचारलं, मुलीचे मामा काय करतात? मी नेहमीचं उत्तर दिलं. पत्रिका छापताना मामाच्या जागी चुलतभावाचं नाव घातलं आणि सुदाम कामामुळे येऊ शकणार नाही असं व्याह्यांना सांगून टाकलं. नवरा एवढंच म्हणाला, "भाऊ तुझा हाय. तू ठरव." मी ठरवलं.

मग लग्नाच्या आठ दिवस आधी सुदाम स्वतःच आला. चुलीपाशी बसून म्हणाला, "आक्का, सारोळ्याच्या पाहुण्यांनी आमचाच बँड ठरवलाय. काय करू? ताप आलाय म्हणून सांगू?"

तो माझ्याकडे बघत होता. मी एक वाक्य बोलले असते तर पत्रिका दुसरी छापता आली असती. मी म्हटलं, "ये तू. तू नसलास तर त्या बँडला कोण विचारतंय? फकस्त वळख दाखवू नगंस."

त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हसला. "लाल कोटातल्या माणसाच्या तोंडाकडं कोण बघतंय, आक्का?"

लग्न नसरापूरच्या एका कार्यालयात होतं. माइकवरून पुकारा झाला, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. चुलतभावाने शैलाचा हात धरला आणि दोघं निघाली. दाराशी बँड उभा होता. सिनेमाचं गाणं चालू होतं ते थांबलं. ढोल थांबला, क्लॅरिनेट थांबलं... आणि एकटं ट्रंपेट सुरू झालं. तोंडावर वाटी धरलेली. कुठलं गाणं म्हणून ओळखू येईना. हळूहळू, जणू कुणी लहान मुलीला बोट धरून चालवतंय, थांबतंय, पुन्हा चालवतंय. शैलाचं पाऊल अडलं. तिने दाराकडे मान वळवली. तिला माहीत होतं कोण वाजवतंय. व्याह्यांनीही बघितलं, बायका कुजबुजायला लागल्या. आता सगळं उघडं पडणार असं मला वाटलं. मी दिराला ढोसलं, "जा, त्या बँडवाल्याला सांग, रडगाणं बंद कर म्हणावं. धड गाणं वाजव."

दिराने जाऊन सांगितलं. सुदामने वाटी खाली घेतली, दिराला मान डोलवली आणि सिनेमाचं गाणं सुरू केलं.

जेवणं सुरू झाली. बँडवाल्यांची पंगत शेवटी, बाहेर, टेम्पोच्या सावलीत बसायची. मी जिलेबी घेऊन तिथे गेले. दुसरं कुणी गेलं असतं तरी चाललं असतं, पण गेले. बाजूला व्याह्यांची माणसं उभी होती.

"वाढू का, मास्तर?" मी म्हटलं.

त्याने वर बघितलं. "वाढा, बाई."

आयुष्यात तो एकदाच मला बाई म्हणाला. पुढच्या भाऊबीजेला आला, त्याच्या पुढच्यालाही आला. त्या दिवसाबद्दल तोही बोलला नाही आणि मीही नाही. पुढे शैलाच्या सासरी सगळं कळलं. तिच्या सासऱ्यांनीच मला विचारलं, "एवढा मोठा कलावंत घरात, आन् तुमी सांगितलं कसं न्हाई?" म्हणजे ज्यांच्या भीतीने मी हे केलं त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या मुलांनी त्याला शोधून काढलं. कुणीतरी भोरच्या चौकात वरातीत त्याचं वाजवणं ऐकलं होतं म्हणे. त्यांनी एका छोट्या सभागृहात त्याचा कार्यक्रम ठेवला. सुदाम मला न्यायला आला. मी मुद्दाम मागच्या रांगेत बसले. पियानो होता. माणसापेक्षा उंच असं तारेचं वाद्य घेऊन एक मुलगी उभी होती. ढोलवाला काठ्यांनी बडवत नव्हता, तारेचे ब्रश नुसते फिरवत होता, पीठ चाळल्यासारखा आवाज यायचा. लाल कोट नव्हता. साधा पांढरा सदरा. आधी सुदाम सगळ्यांबरोबर वाजवायचा, मग त्यांना सोडून एकटाच लांब कुठेतरी जायचा. वाटायचं, चुकला हा, आता येत नाही परत. आणि तो बरोबर त्यांच्यात येऊन मिसळायचा. लोक जागेवरून उठून टाळ्या वाजवायचे. सत्तरी उलटलेला माणूस, पण श्वास कुठे घेतो ते दिसायचं नाही.

मग त्याने पेटीतून वाटी काढली. माइकवर म्हणाला, "ही वाटी माज्या बहिणीची हाय. मी चोरलेली. वाटीवर तिचं नाव बी हाय. आज ती आलीय, बहुतेक परत मागायला." लोक हसले, वळून बघायला लागले. मी पदर पुढे ओढला.

आणि त्याने वाजवायला सुरुवात केली. दोन सुरांत मला कळलं. नसरापूरचं ते, अर्ध्यात बंद करायला लावलेलं. बोट धरून चालवणं, थांबणं... मी जिथे दिराला पाठवलं होतं तिथवर ते आलं आणि पुढे गेलं. पुढे काय होतं ते मी तीस वर्षांनी ऐकलं. तिथून ती मुलगी बोट सोडून एकटी चालत होती. आणखी मला सांगता येत नाही.

परतताना एसटीत शेजारी बसून सगळा रस्ता मी मनात वाक्य जुळवत होते. कापूरहोळ आलं, भोर आलं. शेवटी म्हटलं, "वाटी राहू दे तुझ्याकडं."

"व्हय," तो म्हणाला, "अजून लागंल."

लागली नाही फार. तीन महिन्यांत तो गेला. क्लॅरिनेटवाल्याने पेटी माझ्या हातात दिली. ट्रंपेट मी त्यालाच परत दिलं, बँडमध्ये आता एक जण ते वाजवतो. परवा भोरला एका वरातीत बघितलं, त्याच्याही हातात वाटी होती. कुठून शिकलास म्हटलं तर म्हणाला, "मास्तरांनी. आमच्यात असंच वाजवत्यात."

माझी वाटी मी घरी आणली. काठ ट्रंपेटवर आपटून आपटून चेपलेला. बाजूला आईने घालून घेतलेलं नाव, 'इंदूस, आईकडून.' तो जिथे जिथे वाजवायला गेला तिथे माझं नाव घेऊन गेला, आणि मी त्याचं नाव एका पत्रिकेवर येऊ दिलं नाही.

गेल्या आठवड्यात वाटी घेऊन मी भोरच्या भांड्यांच्या दुकानात गेले. नाव घालणाऱ्याला म्हटलं, माझ्या नावाखाली लिही, 'सुदाम, शैलाचा मामा.'

त्याने वाटी फिरवून बघितली. "आजी, जागा कमी हाय. नुसतं सुदाम लिहू का?"

"न्हाई," मी म्हटलं. "मामा बी लिही. बारीक लिही, पर लिही."

याने काही भरून निघत नाही. वाटी आता मांडणीवर बाकीच्या पाचींशेजारी पालथी आहे. चेपलेल्या काठामुळे ती नीट बसत नाही, कुणी जोरात चाललं की हलते.