'ना'ची कार्डं

आमचे हे शब्दकोशाच्या कचेरीतून निवृत्त झाले, त्याला सहा वर्षं झाली. येताना काय आणलं? अर्धवट राहिलेला एक शब्द. तोही केवढा, तर 'ना'. म्हटलं, महिन्याभरात उरकेल. सहा वर्षं झाली, माझं जेवणाचं टेबल यांच्या कार्डांखालून अजून मोकळं झालेलं नाही.

नाना भाषांत हा 'ना' आहे म्हणे. फारसीत तो नकार देतो. रशियनमध्ये त्याचा अर्थ 'वर', आणि हातात काही द्यायचं असलं तर 'घे'. कोरियन माणूस 'ना' म्हणाला तर ते 'मी'. पोर्तुगीजमध्ये 'मध्ये', पण पुढचं नाम स्त्रीलिंगी असेल तरच. स्वाहिलीत 'आणि', शिवाय क्रियापदाच्या पोटात शिरून वर्तमानकाळही दाखवतो. आपल्याकडे आर्जवाला. मी रोज दारात उभी राहून 'जेवायला या ना' म्हणते, ते वाक्य तारखेसकट कार्डावर गेलं. हे मात्र जेवायला आले नाहीत.

पुस्तकातून उतरवून घ्या की, असं म्हटलं की डोक्यात राख घालून घेतात. यांचा नियम असा, की त्या भाषेत वाढलेल्या माणसाच्या तोंडून वाक्य ऐकायचं आणि तिथल्या तिथे स्वतःच्या हाताने कार्डावर लिहायचं. दुसऱ्याने लिहिलेलं चालत नाही. लेकीने एकदा हौसेने पाच कार्डं लिहून दिली, ती यांनी किराण्याच्या यादीला वापरली. पोरगी आठवडाभर यांच्याशी बोलली नाही.

अशात डोळ्यांचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, काचबिंदू आहे, दोन्हीकडे. औषधाने भागणार नाही, शस्त्रक्रिया करा. गेलेली नजर परत यायची नाही, पण उरलेली राखता येईल.

"एवढा 'ना' संपू दे," हे म्हणाले.

अशा दोन तारखा घालवल्या. तिसऱ्या तारखेला मी दंडाला धरून नेलं. अंगात दवाखान्याचा झगा चढवला, पलंगावर बसवलं आणि सह्या करायला खिडकीशी गेले. परत येऊन बघते तर हे गायब. वॉर्डातली परदेशात वाढलेली एक नर्स फोनवर आईशी स्वाहिलीत बोलत होती, तिच्यामागे हे तीन मजले फिरले. झगा मागून उघडा, हातात कार्ड. सापडले तोवर यांची वेळ दुसऱ्या पेशंटला देऊन टाकलेली. मी कपाळावर हात मारून घेतला.

"दोन वाक्यं मिळाली," हे म्हणाले. वर चेहऱ्यावर हसू. पुढची तारीख मिळाली दोन महिन्यांनंतरची.

ते दोन महिने संपत आले असताना एका सकाळी टेबल पुसायला मी यंदाच्या कार्डांचा खोका उचलला. सहज वरची दोन-चार कार्डं बघितली. मग खाली बसून सगळीच बघितली. ओळीवर ओळ लिहिलेली होती, एका वाक्याच्या डोक्यावर दुसरं. काही कार्डांवर तर शाईच नव्हती. पेन संपलेलं यांना कळलं नव्हतं, कोऱ्या कार्डावर नुसते ओरखडे. नर्सचं कार्ड शोधलं. तेही तसंच.

मी ते यांच्यापुढे धरलं. "वाचा."

यांनी कार्ड खिडकीशी नेलं, पार नाकाला लावलं, परत आणलं.

"तू वाच."

"मलाही लागत नाही. या खोक्यातलं एकही लागत नाही."

यांनी कार्ड परत खोक्यात ठेवलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही गिळून मी फडकं पिळत उभी होते. शेवटी यांनी पेन माझ्याकडे सरकवलं.

"अक्षर जरा मोठं काढ," म्हणाले. "फार गिचमिड करतेस."

त्या तारखेला मुकाट्याने आले. डावा डोळा राहिला, उजवा गेला. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पहिल्या तारखेला आणलं असतंत तर दोन्ही राहिले असते.

आता सकाळी हे सांगतात आणि मी लिहिते. मध्येच थांबून विचारतात, "तेव्हा तुला बाजूला घेऊन काय म्हणाल्या गं त्या?"

"औषध वेळेवर घाला म्हणाल्या."

उठता-बसता यांच्यावर तोंड सोडणारी बाई मी, पण तेवढं एक माझ्याच्याने बोलवत नाही.