तळ्याकाठी पुरलेली अंडी

काल लेकीने मांजरासाठी सार्डिन माशांचा डबा उघडला आणि त्या उग्र वासाने मला अमेरिकेतल्या, ईडन प्रेरी गावच्या जुन्या घरी नेलं. घरामागे आमच्या वस्तीचं खासगी तळं होतं. त्यातली मोठी, चावरी कासवं बदकांची पिल्लं ओढून न्यायची, म्हणून ती पकडून लांबच्या नदीत सोडायला एक माणूस बोलावला होता. त्याच्या जाळीच्या पिंजऱ्यात असेच मासे लावलेले होते.

माझ्या बाळंतपणासाठी आलेली आई आणि मी, जड पोटाने, काठावर उभ्या होतो. त्याने पिंजऱ्यातून कासवाची मादी काढून टबमध्ये ठेवली आणि तिथेच ती अंडी घालू लागली. पांढरी, गोल, ओली अंडी प्लास्टिकवर टपटप पडत होती.

"अगं, तिला इथेच राहू दे म्हणावं," आई म्हणाली.

मी त्याला सांगितलं. त्याने टोपी काढली. "सॉरी, मॅम. सोडली तर उद्या पुन्हा मलाच बोलावतील."

अंडी आमच्याकडे देऊन तो तिला घेऊन गेला. आम्ही ती काठच्या वाळूत पुरली. आई कितीतरी वेळ हाताने वाळू सारखी करत होती.

व्हिसा संपला, आई परत गेली. दर फोनवर विचारायची, "पिल्लं निघाली का गं?" बाळाला मांडीवर घेऊन मी खिडकीबाहेर बघायचे. वाळूवर बर्फ साचलेला असायचा.

"अजून नाही, आई."

आज वाटतं, त्यातून काही निघणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती विचारत राहिली आणि मी तेच सांगत राहिले.