नऊ इनिंग, एकच वॉल्ट्झ

आर्डिस व्होन्ड्राच्या मोटरसायकलवर मागच्या सीटला माणूस बसलेला मी कधी पाहिला नाही. तिथं पेटी असते. तिचं खरं नाव कॉन्सर्टिना. दोन्ही बाजूंना बटणं, मधे भाता, मांडीवर घेऊन ताणायची आणि दाबायची. आमच्याकडे सगळे नुसतं पेटीच म्हणतात. आर्डिस ती मेणकापडात गुंडाळून पट्ट्यांनी अशी आवळते, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी बुटका माणूस रेनकोट घालून बसलाय.

पहिल्या वर्षी ती आमच्या न्यू हाल्बरच्या मैदानावर आली, तेव्हा मी माझ्या खिडकीतून विचारलं होतं, "मागं कुणाला बसवलंय?"

"नवरा," ती म्हणाली. "दाबल्याशिवाय बोलत नाही. म्हणून तर टिकलाय."

तिथंच ती मला आवडली.

माझी खिडकी म्हणजे बेसबॉलच्या मैदानाला लागून असलेलं लाकडी खोपटं. रविवारी सामना असला की मी तिथं बर्गर भाजते, चीज तळते, बिअर विकते. कुणी खिडकीशी येऊन काय हवं ते ठरवत बसलं की माझं डोकं फिरतं. गावाला हे ठाऊक आहे, त्यामुळे माझी रांग भराभर सरकते. आर्डिस मात्र परगावची असून पहिल्याच दिवशी म्हणाली, "बर्गर, कांदा भरपूर, सॉस नको," आणि बाजूला झाली. अशी माणसं आता राहिली नाहीत.

तीस वर्षं तिनं टपाल वाटलं. मिनेसोटातले मातीचे रस्ते, मैलामैलावर एक घर, घरापुढं खांबावर टपालाचा डबा. आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आणि डबे रस्त्याच्या उजव्या अंगाला, म्हणून ही बाई गाडीत उजव्या सीटवर बसायची आणि डावा हात स्टिअरिंगवर, डावा पाय ब्रेकवर ठेवून, उजव्या हातानं पत्रं डब्यात सारत गाडी चालवायची. निवृत्तीचा केक कापला आणि पुढच्याच आठवड्यात तिनं एक जुनी निळी होंडा घेतली. बहीण म्हणाली, "या वयात मोटरसायकल?" तर हिचं उत्तर, "त्या वयात टपाल होतं ना."

तेव्हापासून उन्हाळा आला की ती निघते. एक तंबू, एक स्टोव्ह, एक पातेलं आणि ती पेटी. आमच्या भागात ज्या गावाला चर्च आहे त्याला बेसबॉलचा संघ आहेच. चेंडू टाकणारा पिचर दुधाचा टँकर चालवतो, तो झेलणारा कॅचर शाळेत गणित शिकवतो, पैसे कुणालाच मिळत नाहीत. आर्डिस गावोगाव जाते, मैदानाच्या डाव्या कुंपणामागं मोठ्या झाडांखाली तंबू ठोकते, सामना बघते, नंतर मंडपात बँड नाचाच्या धुना, वॉल्ट्झ आणि पोल्का, वाजवतो त्या ऐकते, आणि सकाळी कॉफी पिऊन पुढच्या गावाला.

"एकटीला कंटाळा येत नाही?" मी एकदा विचारलं.

"तीस वर्षं गाडीत एकटीच होते, मर्ना. एकटं राहणं मला येतं. चार माणसांत बसणं येत नाही."

हे मात्र खरं होतं, आणि मला त्याचाच राग यायचा. कारण मंडपातला बँड माझ्या नवऱ्याचा, एल्रॉयचा. तो स्वतः पेटी वाजवतो. आमच्याकडे रीत अशी, की कुणी स्वतःची पेटी घेऊन आला तर त्याला बँडमध्ये खुर्ची मिळते. ओळख लागत नाही, परीक्षा होत नाही. एल्रॉय दर वर्षी तिच्यासाठी खुर्ची मांडायचा, आणि ती दर वर्षी शेवटच्या बाकावर बसून पायानं ताल धरायची.

"अगं, ये ना," तो म्हणायचा. "चुकलीस तर आम्हीही चुकू. कुणाला कळतंय!"

"पुढच्या वर्षी," ती म्हणायची. चार उन्हाळे झाले तरी पुढचं वर्ष काही उजाडत नव्हतं.

त्याचं कारण तिनं मला एकदा सांगितलं, खिडकीला टेकून, चीज खाता खाता. तिचा बाप लग्नांमध्ये पेटी वाजवायचा. ती बारा वर्षांची असताना एका लग्नात त्यानं तिला पुढं बसवलं. सगळं दालन हिच्याकडे बघायला लागलं आणि वॉल्ट्झच्या मधोमध हिची बोटं थिजली. लोक नाचता नाचता थांबले. बापानं तिच्या मांडीवरून पेटी उचलली आणि तो वॉल्ट्झ स्वतः पुरा केला. रागावला नाही, ओरडला नाही. त्यानंतर तिनं माणसांसमोर बटणाला बोट लावलं नाही. तंबूपाशी, एकटीच असली तर वाजवायची, तेही हळू.

"मला एकदाच वाजवायचंय गं, लोकांत बसून," ती म्हणाली. "साठी उलटली माझी. एकदाच."

"मग वाजव की!" मी म्हटलं. यापेक्षा शहाणपणाचं मला काही सुचलं नाही.

गेल्या जुलैतल्या त्या रविवारी आमचा सामना बर्चवॉल्डशी होता. पिचिंगला कर्ट डोबर्स्टाइन, तोच तो टँकरवाला. अडतिसाव्या वर्षी त्याचा खांदा त्याच्या टँकरपेक्षा जास्त कुरकुरत होता, आणि हा आपला शेवटचा मोसम असं त्यानं बायकोला वचन दिलं होतं. आर्डिस दुपारीच येऊन तंबू ठोकून बसली होती. कर्ट पहिल्या इनिंगसाठी हात मोकळा करायला चेंडू टाकत होता, तेव्हा कुंपणामागून तिच्या पेटीचा आवाज आला. एरवी तो इतका लांब येत नाही, पण त्या दिवशी वारा तिच्या पाठीमागून होता. तिला त्याचा पत्ता नव्हता. कुठला तरी संथ वॉल्ट्झ होता. कर्टनं पहिले तिघंही बॅटर बाद करून इनिंग संपवली. दुसऱ्या इनिंगच्या आधी पुन्हा तोच वॉल्ट्झ, पुन्हा तिघं बाद. तिसऱ्यातही तेच.

चौथ्या इनिंगला आर्डिसला भूक लागली आणि ती माझ्या रांगेत येऊन उभी राहिली. पेटी तंबूत. कर्टनं चार चेंडू भलतीकडे टाकून पहिल्या बॅटरला फुकटात बेसवर जाऊ दिलं. पुढच्यानं असा टोला हाणला, की चेंडू कुंपणाला चाटून जाता जाता आमच्या पोरानं कसाबसा झेलला. बाकांवरच्या माना एकेक करून डाव्या कुंपणाकडे वळल्या. तिथं कुणीच नव्हतं. मग त्या माझ्या खिडकीकडे वळल्या.

अ‍ॅलॉइस आजोबा काठी टेकत आले. पन्नास वर्षं ते पहिल्या बाकावर एकाच जागी बसतात आणि सामना चालू असताना उठत नाहीत. ते उठले म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाई," ते आर्डिसला म्हणाले, "तुमचा बर्गर आम्ही आणून देतो. तुम्ही आपल्या जागेवर जाऊन बसा."

"अहो, दोनच माणसं आहेत पुढं. थांबते की."

"नका थांबू. बसा. आणि, हे, तुमचं ते जे चाललं होतं, ते चालू द्या."

"का?"

"काही नाही. उगाच."

आर्डिसनं त्यांच्याकडे पाहिलं, मग धावफलकाकडे. बर्चवॉल्डच्या नावापुढं, हिटच्या रकान्यात शून्य. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

आता हे सांगायला हवं. समोरच्या संघाला नऊच्या नऊ इनिंग एकही हिट न देणं, म्हणजे कुणालाच टोला मारून बेस गाठू न देणं, हे पिचरच्या आयुष्यात एकदा घडलं तर घडतं. बहुतेकांच्या घडतच नाही. आणि ते घडत असताना त्याचं नाव काढायचं नाही. पिचरशी बोलायचं नाही. जो जिथं बसलाय त्यानं तिथंच बसायचं, ज्यानं टोपी उलटी घातलीय त्यानं उलटीच ठेवायची. मोडलं तर गाव वर्षभर तुमचं नाव घेऊन दात ओठ खातं. बेसबॉलवर वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आर्डिसलाही लागलं नाही.

"अरे देवा," ती एवढंच म्हणाली आणि कुंपणाकडे पळत सुटली. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

वॉल्ट्झ सुरू झाला. कर्टनं पुढचे दोघं बाद केले.

पाचव्या इनिंगपासून मैदानावर प्रार्थनेसारखी शांतता. कर्ट हात मोकळा करायला आला की दोनशे माणसं गप्प बसून त्या वॉल्ट्झची वाट बघायची. तो वाजला की सगळ्यांचे खांदे सैल व्हायचे. पण तिच्याकडे कुणी बघायचं नाही, कारण पहिल्या तीन इनिंगमध्ये कुणी बघितलं नव्हतं.

एल्रॉय माझ्या खिडकीशी आला. "मर्ना, मी जाऊन तिच्या शेजारी बसू का? जरा साथ देतो. एकटी आहे बिचारी."

"तू जागचा हललास तर घरात घेणार नाही."

"मी तर हललोच आहे. इथं आलोय ना!"

"मग परत जा! आणि आलास तसाच जा!"

गेला बिचारा, उलट्या पावली.

आठव्या इनिंगच्या आधी मी तिचा बर्गर घेऊन गेले. आणून देतो असं आजोबांनी कबूल केलं होतं, पण त्यांची उठायची छाती नव्हती. खिडकी सोडून जाणं धोक्याचं होतं, पण सामना सुरू झाल्यापासून ती उपाशी होती. आर्डिस स्टुलावर बसली होती, पेटी मांडीवर मिटून.

"मला नाही जमत," ती म्हणाली. "सगळे ऐकतायत, मर्ना. सगळं गाव."

"बघत तर कुणी नाहीये."

"हा तोच आहे गं. बापानं पुरा केला होता तो. मला काय माहीत असं होणार आहे! माहीत असतं तर दुसरं काही वाजवलं असतं. आता बदलताही येत नाही."

"नाहीच येत," मी म्हटलं. मला तिची फार दया आली, आणि त्याहून जास्त कर्टची. "आर्डिस, तू हा आज सात वेळा लोकांपुढं वाजवलायस. सातही वेळा पुरा केलायस. मी मोजलेत."

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग तिनं पेटी ओढली आणि आठव्यांदा वाजवला.

नववी इनिंग. आम्ही तीन धावांनी पुढं होतो, जिंकण्याची कुणाला काळजी नव्हती. वॉल्ट्झ झाला. पहिला बाद. दुसरा बाद. बर्चवॉल्डचा शेवटचा बॅटर म्हणजे त्यांचा कॅचर, दाराएवढा रुंद माणूस. त्यानं कर्टच्या दुसऱ्या चेंडूवर बॅट फिरवली, ती लागली तीही टोकाला. चेंडू जीव नसल्यासारखा वर गेला आणि आमच्या तीन पोरांच्या मधोमध, डाव्या कुंपणाच्या अलीकडे गवतावर पडला. आर्डिसच्या अगदी समोर.

हिट.

अ‍ॅलॉइस आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला तर रडूच फुटलं, तळणीवर वाकून रडले. कर्ट कमरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत उभा होता. आणि कुंपणामागं आर्डिस पेटी मिटून तिच्या पट्ट्या बांधायला लागली होती. मला इथून दिसत होतं, ती सगळा दोष अंगावर ओढून घेत होती.

कर्टनं मान वर केली. पंचाला हात दाखवून वेळ मागितली आणि पिचरची जागा सोडून सरळ डाव्या कुंपणाकडे चालू लागला. अर्ध्या वाटेवर थांबला, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला,

"ओ बाई! दुपारभर तेच ऐकवलंत! आता तरी दुसरं काहीतरी वाजवा!"

आधी आजोबा हसले, मग सगळे बाक, मग बर्चवॉल्डची माणसंसुद्धा. दोनशे माना एकदम वळल्या आणि सगळे आर्डिसकडे बघायला लागले, इतका वेळ दाबून ठेवलेलं बघणं एकदमच सुटल्यासारखं. एल्रॉय आपली पेटी छातीशी धरून मैदान कापत तिच्याकडे धावत होता, आणि पंच त्याला अडवत नव्हता.

आर्डिसचे हात पट्ट्यांवर थांबले होते. तिनं त्या दोनशे चेहऱ्यांकडे नीट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. मग पट्ट्या सोडल्या, पेटी मांडीवर घेतली आणि एल्रॉय पोचायच्या आतच एक धडाडता पोल्का सुरू केला.